ऑन किती?

पन्नाशी उलटलेल्यांना हा प्रश्न नक्की आठवत असेल. कुणाच्या दारात नवी स्कूटर उभी राहिली, तिला हार घातला गेला, पेढे वाटले गेले, की पाहुणा पेढा तोंडात टाकता टाकता आवाज खाली आणून विचारायचा, ‘ऑन किती?’ स्कूटरची किंमत कुणी विचारत नसे. ती सगळ्यांना ठाऊकच असे. विचारायचे ते वरचे पैसे. शब्द इंग्रजी, पण इंग्रजाला विचाराल तर त्याला या अर्थाने तो कळणार नाही. तो आपण आपल्या टंचाईतून घडवलेला शब्द आहे. पुढे टंचाई गेली आणि शब्दही गेला. मला वाटले होते, कायमचा गेला.

२०२१च्या नोव्हेंबरात एका रात्री माझ्या भाच्याचा अमेरिकेहून फोन आला. भाचा डेट्रॉइटच्या जवळ गाड्यांच्या धंद्यातच इंजिनियर आहे. शिकला सांगलीच्या वालचंद महाविद्यालयात. पण गाड्यांचे वेड त्याला तिथे लागले नाही. ते लागले मिरजेत, त्याच्या वडिलांच्या गॅरेजमध्ये. आमचे दुल्हाभाई मेकॅनिक. गॅरेजच्या भिंतीवर ऑइल कंपनीचे एक जुने कॅलेंडर होते. त्याची पाने संपली, वर्ष संपले, तरी एका लाल स्पोर्ट्स कारचे चित्र वीस वर्षे तिथेच राहिले. ती गाडी होती कॉर्व्हेट. पोरगा शाळेतून आला की तिच्याखाली बसून गृहपाठ करायचा.

आता पोरगा छत्तीस वर्षांचा झाला होता. पैसे साठवले होते. कॉर्व्हेटची नवी, आठव्या पिढीची गाडी एका विक्रेत्याकडे त्याच्या मनासारख्या रंगात उभी होती. काचेवर छापील किमतीचा कागद होता, आणि त्याच्या शेजारी आणखी एक लहानसा कागद. त्यावर लिहिले होते ‘बाजारभावानुसार फरक’, आणि आकडा होता वीस हजार डॉलर. छापील किमतीच्या वर.

‘मामू, लेऊं की नक्को?’ भाच्याने विचारले. आम्ही घरात दखनी बोलतो. तिच्यात होकार-नकाराचे प्रश्न असे थोडक्यात होतात.

मी कविता लिहिणारा माणूस. बी.ए.ला इतिहास होता, एवढीच शिदोरी. आयुष्यात सायकल आणि एक जुनी मोपेड याखेरीज वाहन घेतले नाही. मला हा प्रश्न का? तर घरात पुस्तके वाचणारा मामू मी एकटा, म्हणून. मी म्हटले, ‘आठ दिवस दे.’ त्या आठ दिवसांत जे वाचले आणि जे आठवले, तेच आज आपल्याला सांगणार आहे.

ऑन ही आपल्याच देशाची खोड आहे असे आमची पिढी समजत आली. तसे नाही. १९४८च्या ऑक्टोबरात लंडनला अर्ल्स कोर्ट येथे मोटारींचे मोठे प्रदर्शन भरले. महायुद्ध संपून तीनच वर्षे झाली होती. इंग्लंडात अजून रेशनिंग होते. अशा दिवसांत जग्वार कंपनीने तिथे एक दोन आसनी उघडी गाडी मांडली, एक्सके १२०. लांब नाक, वाहत्या पाण्यासारखी वळणे. नावातला १२० हा आकडा वेगाचा: ताशी १२० मैल, म्हणजे सुमारे १९३ किलोमीटर. जग्वारचे मालक विल्यम लायन्स यांना खरे तर आपल्या नव्या इंजिनाची जाहिरात करायची होती. दोन-अडीचशे गाड्या हाताने बनवू, ॲल्युमिनियमची अंगे चढवू आणि विषय संपवू, असा त्यांचा बेत. पण प्रदर्शन बघायला आलेल्या माणसांनी तो बेत उधळला. मागणी एवढी आली की पुढे पोलादी अंगाची गाडी कारखान्यात रीतसर काढावी लागली. ती सुरू व्हायला १९५० उजाडले.

किंमत होती ९९८ पौंड, कर वेगळा. ९९८च का? कारण हजार पौंडांवरच्या गाडीला तेव्हा इंग्लंडात दुप्पट खरेदीकर बसत असे. बाटाची किंमत नव्व्याण्णवने संपते ते बघून आपण हसतो. इथे दोन पौंड कमी ठेवून सरकारला चकवले होते.

पण किंमत कमी ठेवली म्हणून गाडी मिळत नव्हती. देशाला डॉलर हवे होते. कारखान्यांना पोलादाचा वाटा मिळे तो निर्यात किती करता हे बघून. त्यामुळे एक्सके १२० बहुतेक अमेरिकेला गेल्या आणि ज्या देशात त्या बनत होत्या तिथला माणूस यादीत नाव घालून बसला. एकट्या जग्वारचे नव्हे, साध्या कुटुंबाच्या मोटारीचेही तेच. मग जे व्हायचे तेच झाले. वापरलेली गाडी नव्या गाडीपेक्षा महाग झाली. आज गाडी ताब्यात घ्यायची, उद्या वर पैसे घेऊन विकायची, असा धंदाच उभा राहिला.

तिथल्या मोटार व्यापाऱ्यांच्या संघटनेने यावर उपाय काढला. नवी गाडी घेणाऱ्याने लिहून द्यायचे की ठरावीक मुदतीत मी ही विकणार नाही. विकायची पाळी आलीच तर आधी संघटनेला छापील किमतीत देईन. हे करारपत्र चुकवणाऱ्यांवर संघटनेने खटलेही भरले, आणि १९४९ मध्ये न्यायालयाने संघटनेच्या बाजूने निकाल दिला. म्हणजे ऑन थांबवायला साहेबाला कोर्टात जावे लागले होते. हे वाचले तेव्हा आमच्या मिरजेच्या स्टेशन रोडवरचे एक-दोन दलाल मला एकदम जागतिक इतिहासातले वाटू लागले.

आपल्याकडची गोष्ट याच काळात सुरू होते, पण तिचे कारण थोडे वेगळे आहे. १९५१चा उद्योगांच्या विकास व नियमनाचा कायदा आला. कुणी काय बनवायचे आणि किती बनवायचे हे परवान्यावर ठरू लागले. मोटारींचे कारखाने हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. कुर्ल्याला वालचंद हिराचंद यांनी काढलेली प्रीमियर, कलकत्त्याकडे हिंदुस्तान, मद्रासला स्टँडर्ड. सोलापूरच्या या वालचंदांच्याच नावाच्या कॉलेजात माझा भाचा पुढे शिकला. स्कूटरमध्ये आकुर्डीचे बजाज. त्यांनी इटलीच्या पियाजिओ कंपनीशी करार करून साठच्या दशकात व्हेस्पा बनवायला घेतली. १९७१ला तो करार संपला आणि १९७२ला राणा प्रतापच्या घोड्याचे नाव घेऊन चेतक आली.

मागणी वाढत होती, परवाना वाढत नव्हता. किमतीवरही सरकारची नजर. मोटारीची वाजवी किंमत किती, हा वाद तर सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. हेतू वाईट नव्हता. गरीब देशात चैनीच्या वस्तूला पोलाद आणि परकीय चलन किती द्यायचे, हा प्रश्न खराच होता. पण एक गोष्ट लक्षात आली नाही, किंवा येऊनही तिच्याकडे डोळेझाक झाली. वस्तूला लोक दहा रुपये द्यायला तयार आहेत आणि तुम्ही किंमत सहावर बांधली, तर उरलेले चार नाहीसे होत नाहीत. ते कुणाच्या तरी खिशात जातातच. कारखान्याच्या नाही, सरकारच्याही नाही. ते जातात ज्याच्या हातात नंबर आहे त्याच्या खिशात. त्या चार रुपयांचे नाव ऑन.

रांग चुकवायचे सरळ मार्गही होते. सरकारी नोकरांना कोटा होता. परदेशातल्या नातलगाने परकीय चलनात पैसे भरले तर स्कूटर लवकर मिळे. आमच्या ओळखीतल्या कोकणातल्या काही घरांत माणसे कुवेतला, सौदीला होती. त्यांच्या अंगणात स्कूटर आली की ओसरीवरची म्हातारी माणसे म्हणत, ‘ही तेलावर चालत नाही, तेलावर आलीय.’

आमच्या घरातले कुणी आखातात नव्हते. माझे अब्बा शिक्षक. मिरजेपासून आठ-नऊ किलोमीटरवरच्या एका खेड्यात शाळा. रोज सायकलने जायचे, सायकलने यायचे. पावसाळ्यात काळ्या मातीत चाक रुतले की सायकल खांद्यावर. १९७३ साली त्यांनी स्कूटरसाठी नाव नोंदवले. पावती अम्मीने कुराण ठेवण्याच्या कोनाड्यात, रेशमी बस्त्याच्या खाली ठेवली. मी तेव्हा चार वर्षांचा. म्हणजे माझे बालपण त्या पावतीबरोबरच वाढले. मी पहिलीत गेलो, चौथीत गेलो, सातवीत गेलो. पावती कोनाड्यातच.

मधल्या काळात ऑन देऊन स्कूटर घ्यायची संधी दोनदा आली. दोन्ही वेळा अब्बांनी नकार दिला. ते म्हणायचे, ‘रांगेत माझ्यापुढे जो उभा आहे त्याच्या खांद्यावर पाय ठेवून मला पुढे जायचे नाही.’ मुलांना नागरिकशास्त्र शिकवणारा माणूस तो. पुस्तकातले खरे धरायचा.

१९८२च्या फेब्रुवारीत नंबर लागल्याचे पत्र आले. नऊ वर्षांनी. आणि त्याच महिन्यात माझ्या थोरल्या बहिणीचे, आपाचे, लग्न ठरले.

चार दिवसांनी एक गवळी घरी आला. तरुण होता. अब्बांच्या शाळेच्या गावातलाच. त्याला स्कूटर हवी होती. स्कूटरची सगळी किंमत तो भरणार होता, आणि वर ऑन देणार होता. ऑनचा आकडा होता अब्बांचा सहा महिन्यांचा पगार. त्याने तो आकडा सांगितला तेव्हा मी दाराआड उभा होतो. अम्मी चुलीपाशी होती. घरात कुणी बोलले नाही.

अब्बा दुसऱ्या दिवशी जुम्म्याच्या नमाजनंतर मौलानांकडे गेले. टंचाईच्या काळात माल दडवून भाव चढवणे याला आमच्या धर्मशास्त्रात एहतिकार म्हणतात, आणि त्याचा कडक निषेध आहे. अब्बांनी विचारले, हा प्रकार त्यात मोडतो का? मौलाना वृद्ध होते, व्यवहारी होते. ते म्हणाले, ‘गुरुजी, बहुतेक उलेमांनी तो हुकूम धान्यासाठी सांगितलाय. स्कूटर कुणी खात नाही. आणि नऊ वर्षे तुम्ही माल दडवला नाहीत, मालाने तुम्हाला दडवलेय. पण तुमच्या मनाला जे टोचते त्यावर माझ्याकडे फतवा नाही.’

अब्बांनी सही केली. त्या पैशांत आपाचे लग्न झाले. भांडी, कपडे, मंडप, जेवण. कर्ज झाले नाही. स्कूटर कागदोपत्री काही काळ अब्बांच्याच नावावर राहिली आणि गवळ्याच्या दुधाच्या किटल्या घेऊन गावोगाव फिरली. अब्बा निवृत्त होईपर्यंत सायकलवर. रस्त्यात स्कूटर दिसली की ते सायकलवरून उतरत आणि ती जाईपर्यंत चेन बसवल्याचे नाटक करत. मी दोनदा पाहिले आहे. गवळी मोठ्या मनाचा होता, पावसात ‘गुरुजी, बसा’ म्हणायचा. ते बसत नसत.

एकदाच बसले. १९९१च्या पावसाळ्यात अम्मीचा दमा रात्री फार वाढला. गवळी त्या दिवशी योगायोगाने शहरात मुक्कामाला होता. त्याने अम्मीला रिक्षात घातले आणि अब्बांना मागे घेऊन दवाखान्यात पोचवले. अम्मी वाचली. परत येताना अब्बांनी त्याला विचारले, ‘तू मला दिलेले पैसे तुला कधी जड गेले का रे?’ गवळी म्हणाला, ‘दोन वर्षांत फिटले की गुरुजी. सायकलवर एक गाव करेपर्यंत उन्हाळ्यात दूध नासायचे. स्कूटर आल्यावर आठाच्या आत तीन गावे व्हायची. तुमच्या नंबरासाठी मी आणखी नऊ वर्षे थांबलो असतो तर म्हशी विकायला लागल्या असत्या.’ अब्बांनी हे घरी येऊन आम्हाला सांगितले. त्या दिवसापासून रस्त्यात त्यांची चेन निघेनाशी झाली.

हे सगळे भाच्याला सांगायचे की नाही, हा माझ्यापुढचा खरा प्रश्न होता. आपाला ठाऊक होते. पण तिने मुलांना कधी सांगितले नव्हते. लग्नाचा खर्च नानाने काटकसर करून केला, एवढेच त्यांना माहीत. ज्या ऑनबद्दल पोरगा विचारत होता, त्याच ऑनवर त्याच्या आईबापाचा संसार उभा राहिला होता.

मी आधी दुसऱ्या टोकाची गोष्ट सांगितली. ऑनच्या इतिहासात गवळ्याच्या बरोबर उलट बाजूला उभी असलेली माणसे आहेत. १९८७ मध्ये फेरारीने एफ४० ही गाडी काढली. वृद्ध एन्झो फेरारी यांच्या हयातीतली ही शेवटची. पुढच्याच वर्षी ते वारले. आधी चारशेच गाड्या काढायचे ठरले होते. लगेच ऑन सुरू झाला. छापील किमतीच्या कितीतरी पट. १९९०ला रेसिंगपटू नायजेल मॅन्सेल यांची एफ४० दहा लाख पौंडांना गेली. हे वाचून लोक म्हणू लागले की गाडी कशाला, हे तर सोने आहे. त्यांच्यात गाडी चालवता न येणारेही होते.

त्याच सुमारास, १९८८ मध्ये, जग्वारने बर्मिंगहॅमच्या प्रदर्शनात एक्सजे २२० दाखवली. ४० वर्षांपूर्वीच्या त्या १२०ची ही नात म्हणा. बारा सिलिंडरचे इंजिन, चारही चाकांना ताकद, नावात ताशी २२० मैलांचा दावा. डिसेंबर १९८९ मध्ये नोंदणी खुली झाली. किंमत २ लाख ९० हजार पौंड अधिक कर, आगाऊ रक्कम ५० हजार पौंड. बनणार होत्या साडेतीनशे, पैसे घेऊन आले हजाराहून अधिक. बरेच जण गाडी घेण्यासाठी नव्हे, नंबर घेण्यासाठी आले होते. आमच्या कोनाड्यातल्या पावतीसारखा, पण विकण्यासाठी.

१९९२ला गाडी हातात येईपर्यंत तीन गोष्टी झाल्या. इंजिन बारा सिलिंडरचे राहिले नाही, सहाचे झाले. महागाईशी बांधलेली किंमत चार लाख पौंडांच्याही पुढे गेली. आणि जगात मंदी आली. एफ४०चा फुगा फुटला होता. ऑन सोडा, छापील किमतीलाही कुणी विचारेना. ज्यांनी नंबर पकडण्यासाठी धडपड केली तेच आता नंबर सोडवण्यासाठी कोर्टात गेले. शेवटी तीनशेही गाड्या पुऱ्या बनल्या नाहीत. ही जग्वार कंपनी २००८ मध्ये टाटांनी घेतली. त्या वेळी कुणाला ऑनची आठवणही नव्हती.

हे अर्धेच सांगून थांबलो तर खोटेपणा होईल. एफ४० ज्यांनी विकली नाही, तीस वर्षे सांभाळली, त्यांच्या गाड्यांना पुढे त्या दहा लाखांहूनही अधिक किंमत आली. चारशेच्या ऐवजी तेराशेवर बनल्या तरीही. म्हणजे ऑन देणारा दरवेळी मूर्ख ठरतो असे नाही. पण तीस वर्षे पैसे अडकवून बसण्याची ऐपत असलेल्या माणसाने आपल्याला हिशेब शिकवू नये.

मग भाच्याच्या गाडीचे काय? तिचा इतिहास मला त्याच्याच तोंडून कळला. पहिली कॉर्व्हेट १९५३ला आली, त्या वर्षी तीनशेच बनल्या, सगळ्या पांढऱ्या. आठव्या पिढीत पहिल्यांदाच इंजिन पुढून काढून माणसाच्या पाठीमागे बसवले. असे आतापर्यंत युरोपच्या कितीतरी महाग गाड्यांत असे. ही २०१९च्या जुलैत दाखवली तेव्हा सुरुवातीची किंमत साठ हजार डॉलरच्या आत ठेवली होती. पाच डॉलर कमी. जुनी नऊशे अठ्ठ्याण्णवची युक्ती! मग कामगारांचा संप झाला, मग कोरोना आला, मग गाड्यांच्या आतल्या इलेक्ट्रॉनिक चिपची जगभर टंचाई झाली. एकच कारखाना, केंटकी राज्यात. अमेरिकेत, जिथे काहीही मागितले की मिळते म्हणतात, तिथे नव्या गाडीसाठी रांग लागली आणि वापरलेली गाडी नव्यापेक्षा महाग झाली. भाचा म्हणाला, ‘मामू, इथे सगळ्यांना हे नवीन वाटतेय.’ मला हसू आले. मिरजेच्या पोराला ते नवीन वाटायचे कारण नव्हते.

काचेवरच्या कागदाचीही एक गोष्ट आहे. १९५८ मध्ये ओक्लाहोमाचे सिनेटर माइक मॉन्रोनी यांच्या पुढाकाराने कायदा झाला की प्रत्येक नव्या गाडीच्या काचेवर कारखान्याने सुचवलेली किंमत छापलीच पाहिजे. त्याआधी विक्रेता सांगेल ती किंमत. आजही तिथे त्या कागदाला मॉन्रोनींचेच नाव आहे. पण त्यात एक मेख आहे. किंमत ‘सुचवलेली’ आहे. विक्रेत्याने ती पाळायलाच हवी असे नाही. म्हणजे कायद्याने ऑन बंद केला नाही, तो उघड केला. माझ्या मते हेही कमी नव्हे. आमच्याकडे तो पेढ्याबरोबर कानात सांगावा लागत होता. तिथे काचेवर चिकटवलेला असतो.

आणि करारपत्रेही परत आली आहेत. फोर्डने आपली जीटी ही महागडी गाडी निवडक लोकांना दिली ती दोन वर्षे न विकण्याच्या अटीवर. कुस्तीगीर जॉन सीना यांनी ती लवकर विकली म्हणून २०१७ मध्ये कंपनीने त्यांच्यावर दावा लावला. पुढच्या वर्षी तडजोड झाली. १९४८चे ते इंग्लंडचे करारपत्रच हे. फक्त आता समोर आपल्या नातवंडांचा लाडका पैलवान.

आठ दिवस झाले. मी फोन केला आणि सगळे सांगितले. आपाला आधी विचारून घेतले होते. ती म्हणाली, ‘सांग. लाज वाटण्यासारखे अब्बांनी काही केले नाही. मलाच उगीच वाटत राहिली.’ अब्बांची सही, गवळ्याच्या किटल्या, निघालेली चेन, सगळे ऐकून पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग भाचा म्हणाला, ‘म्हणजे मामू, मीपण ऑनमध्येच आलो म्हणायचा.’

मी त्याला म्हटले, ऑन म्हणजे गाडीची किंमत नव्हे. गाडी तीच राहते. एक घोडाही जास्त जोडला जात नाही. ऑन ही वाट न बघण्याची किंमत आहे. गवळ्याला त्या वाचलेल्या वर्षांचे काम होते, म्हणून त्याचे पैसे फिटले. बर्मिंगहॅमच्या नोंदणीवाल्यांना गाडीचेही काम नव्हते आणि वर्षांचेही. तुला आत्ताच हवी असण्याचे काय काम आहे ते सांग. आणि दुसरे, ही गाडी चारशेच बनणार आहे का? तो म्हणाला, नाही, कारखाना हजारोंनी काढतोय, चिप मिळाली की वाढवणार. मग हा ऑन वितळणार, मी म्हटले. वितळणाऱ्या वस्तूला सोन्याचा भाव देऊ नकोस. आणि तुमच्याकडे आता बर्फ पडायला लागणार, गाडी मार्चपर्यंत झाकूनच ठेवायची. चार महिने झाकलेल्या गाडीसाठी वीस हजार?

माझे म्हणणे त्याला पटले. त्याने लांबच्या एका गावातल्या, छापील किमतीतच देणाऱ्या विक्रेत्याकडे नाव घातले. रांग मोठी होती. पुढच्याच वर्षी कंपन्यांनीही विक्रेत्यांना पत्रे पाठवून तंबी दिली, चिपची टंचाई हळूहळू ओसरली, ऑन उतरत गेला. भाच्याची गाडी एप्रिल २०२३ मध्ये आली. काचेवर एकच कागद होता. वीस हजार डॉलर वाचले. मामूचा इतिहास खरा ठरला.

इथे मी थांबलो असतो तर बरे दिसले असते. पण एक गोष्ट राहिली.

२०२२च्या उन्हाळ्यात आपा आणि दुल्हाभाई तीन महिने मुलाकडे जाऊन आले होते. दुल्हाभाईंचा तो पहिलाच आणि शेवटचा विमानप्रवास. परत आल्यावर त्यांच्या हृदयाचा त्रास वाढला आणि डॉक्टरांनी लांबचा प्रवास बंद केला. ज्या माणसाच्या गॅरेजच्या भिंतीवर ती लाल गाडी वीस वर्षे होती, तो अमेरिकेत होता तेव्हा गाडी यादीत होती. गाडी आली तेव्हा तो मिरजेत खाटेवर होता. भाच्याला आत्ताच हवी असण्याचे काम होते. त्याने मला ते सांगितले नाही. कदाचित त्याला स्वतःलाही तेव्हा ते माहीत नव्हते. आणि मी विचारले ते चिपबद्दल आणि बर्फाबद्दल.

गाडी आली त्या दिवशी त्याने व्हिडिओ कॉल लावला. मी दुल्हाभाईंच्या उशाशी बसलो होतो. त्यांनी रंग बघितला नाही, चाके बघितली नाहीत. म्हणाले, ‘मागचे झाकण उघड. चालू कर. फोन जवळ धर.’ इंजिन सुरू झाले. त्यांनी डोळे मिटले आणि फोन कानाला लावून ठेवला, गिऱ्हाइकाच्या गाडीजवळ कान नेऊन उभे राहायचे तसा. बऱ्याच वेळाने म्हणाले, ‘आवाज साफ आहे. घेताना काही जास्त दिलेस का?’

‘नाही अब्बा, एक पैसाही नाही,’ भाचा म्हणाला.

‘बरे केलेस,’ दुल्हाभाई म्हणाले, आणि फोन माझ्याकडे दिला.

मी पडद्यावर भाच्याकडे बघितले, त्याने माझ्याकडे. दोघेही काही बोललो नाही. ती १९७३ची पावती अब्बांच्या पश्चात माझ्याकडे आहे. तिच्यावर नंबर आहे, तारीख आहे, सही आहे. ऑनचा आकडा नाही. तो कुठल्याच पावतीवर छापलेला नसतो. वाट बघण्याचाही नसतो.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)